पाच बाय आठचा इतिहास

आमच्या यवतमाळच्या घरातला संडास मोठ्या खोलीपासून तेवीस पावलांवर आहे. मी मोजलीत, कारण गेल्या दिवाळीत आजी त्यातल्या एकोणिसाव्या पावलावर घसरली.

हाड मोडलं नाही, नशीब. पण ब्याऐंशीव्या वर्षी रात्री तीनदा उठायचं, स्वयंपाकघर ओलांडायचं, दोन पायऱ्या उतरायच्या आणि अंगणातून जाऊन कोपऱ्यातलं दार गाठायचं, हे आता चालणार नव्हतं. घरातली सगळ्यात मोठी खोली आजीला द्यायची आणि तिला लागूनच बाथरूम काढायचं असं ठरलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. महिनाभर घरून काम करायची परवानगी काढली आणि घरातली इंजिनिअर म्हणून हे प्रोजेक्ट माझ्या गळ्यात पडलं. कोडिंग आणि प्लंबिंगचा काही संबंध नाही, हे घरच्यांना पटवून देणं मी केव्हाच सोडलंय.

ठेकेदाराने कोटेशन पाठवलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मास्टर बाथरूम, ५ बाय ८’. आजीने चष्मा लावून कागद वाचला आणि विचारलं, “हे मास्तर कोन व्हय?”

“तूच, आजी. तुझ्याच खोलीचं आहे ते.”

“मंग मास्तरले इचारलं काऊन नाई? झोपाच्या खोलीत संडास? देवघराच्या भितीले लागून? आमच्या वेळी असं कोनी बोललं असतं तं त्याले येड्यात काढलं असतं.”

मी हसले. आजीचं सोवळं-ओवळं म्हणून सोडून दिलं आणि टाइल्सच्या रंगांकडे वळले. तिचं म्हणणं किती जुनं आहे आणि त्यामागे काय काय आहे, हे मला पुढच्या आठवड्यात भिंत फोडताना कळलं.

आमच्या घराच्या कडेने एक चार फुटी बोळ आहे. रस्त्यापासून सरळ मागच्या अंगणापर्यंत जातो. लहानपणी आम्ही तिथे सायकली लावायचो. जुना संडास या बोळाला लागून. तो पाडून त्याची जागा नव्या बाथरूममध्ये घ्यायची होती. मिस्त्रींनी बोळाकडच्या भिंतीचं प्लास्टर काढलं तर जमिनीलगत एका चौकोनात विटा वेगळ्याच निघाल्या. रंग वेगळा, सांधा वेगळा. दीड फूट बाय दीड फूट. वरती लोखंडी पट्टी आणि एका बाजूला गंजून गेलेली बिजागरी.

“ताई, इथं दार होतं,” मिस्त्री म्हणाले.

“एवढंसं? कशाचं?”

मिस्त्रींनी बाबांकडे बघितलं. बाबा जरा थांबून म्हणाले, “टोपलीचा संडास होता आपल्याकडे. १९८३ पर्यंत.”

माझ्या वयाच्या अनेकांना हा शब्द माहीत नसेल, मलाही नव्हता. वर बसायला दोन दगड किंवा फळ्या. खाली मोकळी जागा, आणि तिथे टोपली नाहीतर पत्र्याचा डबा. रोज सकाळी कोणीतरी बोळातून यायचं, हे छोटं दार उघडायचं, टोपली ओढायचं, घाण खरवडून आपल्या पाटीत घ्यायचं, राख टाकायचं आणि पाटी डोक्यावर घेऊन पुढच्या घरी जायचं. घरातल्या कोणाशी समोरासमोर गाठ पडू नये, एवढ्यासाठी तो बोळ होता. आम्ही सायकली लावायचो तो.

“कोण यायचं?” मी आजीला विचारलं.

“मेहतरीन यायची.”

“नाव काय तिचं?”

“नाव कोन इचारते?” आजी म्हणाली. आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

शब्द घरात आले, जागा बाहेर राहिली

त्या रात्री टाइल्सची पीडीएफ बंद केली आणि वाचायला बसले. आधी शब्दांपासून सुरुवात केली.

‘न्हाणी’ हा शब्द अगदी आपला. संस्कृतातलं स्नान प्राकृतात ‘ण्हाण’ झालं आणि मराठीत ‘न्हाण’. अंघोळीची जागा ती न्हाणी. पाणी तापवायचा तांब्याचा ‘बंब’ मात्र पोर्तुगीजांकडून आला. त्यांचा ‘बोंबा’ म्हणजे पंप. आग विझवणारा बंब आणि अंघोळीचा बंब ही एकाच घरातली भावंडं. ‘मोरी’ फारसीतली.

आता दुसऱ्या बाजूचे शब्द बघा. ‘संडास’ अरबी-फारसीतून आलेला. जुन्या मराठीतला ‘शेतखाना’ हा मुळात फारसी ‘सेहतखाना’, म्हणजे आरोग्याचं घर. मराठी कानाने त्याचं शेत केलं, आणि लोक जात तिथेच होते, त्यामुळे ते कोणाला खटकलंही नाही. ‘कमोड’ फ्रेंच. त्याचा मूळ अर्थ ‘सोयीचं’. ‘टॉयलेट’ही तिकडचंच. आणि जे आपले शब्द आहेत ते जागेचं नाव घ्यायचं टाळतात. ‘परसाकडे जाणे’, ‘बाहेर जाणे’, ‘डबा घेऊन जाणे’. ‘शौच’ या संस्कृत शब्दाचा अर्थ तर शुद्धता. म्हणजे अंघोळीला आपण स्वतःचा शब्द दिला आणि संडासला कायम उसना. घराने त्याला बाहेर ठेवलं, तसं भाषेनेही.

एक गंमत मला प्लंबरकडून कळली. बाथरूमच्या फरशीत जाळीखाली जो वाकडा तुकडा बसवतात त्याला तो ‘नहाणी ट्रॅप’ म्हणाला. मला वाटलं त्याची बोली आहे. पण सिव्हिलवाल्या मैत्रिणीने सांगितलं की देशभरच्या प्लंबिंगच्या पुस्तकांत हेच नाव आहे. दिल्लीचा इंजिनिअर आणि चेन्नईचा ठेकेदार, दोघंही नहाणी ट्रॅप मागवतात. आपण न्हाणीचं बाथरूम केलं, आणि न्हाणी तिकडे हार्डवेअरच्या दुकानात जाऊन टिकली.

साहेबाच्या बाथरूमचं दुसरं दार

झोपायच्या खोलीला लागून बाथरूम ही कल्पना आपल्याकडे कुठून आली? फ्लॅटच्या जाहिरातींतून, असं मला वाटायचं. त्याआधी ती इंग्रजांच्या बंगल्यातून आली होती.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. जिल्ह्याच्या गावांमध्ये सिव्हिल लाइन्स आल्या, साहेबांचे ऐसपैस बंगले आले. या बंगल्यांमध्ये झोपायच्या प्रत्येक खोलीला तिचं स्वतःचं बाथरूम असे. आत पत्र्याचा टब आणि लाकडी खुर्चीसारखी कमोडची पेटी. नळ नाही, ड्रेनेज नाही. मग चालायचं कसं? तर या बाथरूमला दोन दारं असत. एक खोलीत उघडणारं, साहेबासाठी. दुसरं थेट बाहेर उघडणारं. त्यातून पाणी आणणारा भिस्ती आत यायचा आणि कमोडचं भांडं उचलणारा मेहतर. बंगल्याच्या आतून त्यांनी जायचं नाही.

हे वाचल्यावर मी आमच्या भिंतीतला चौकोन पुन्हा जाऊन बघितला. साहेबाचं बाथरूम खोलीला चिकटलेलं होतं आणि आमचा संडास अंगणापलीकडे होता. पण दोन्हीकडे मागचं दार होतं, आणि दोन्हीकडे सगळी व्यवस्था त्या दाराच्या भरवशावर चालत होती.

मोठ्या शहरात हेच मोठ्या प्रमाणावर. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मध्ये अरुंद फटी असतात, त्यांना आजही हाऊस गल्ली म्हणतात. त्या उजेडासाठी किंवा हवेसाठी ठेवलेल्या नाहीत. मागच्या बाजूने टोपल्या काढणाऱ्यांना जाता यावं म्हणून ठेवल्या होत्या. मुंबईत या कामगारांना ‘हलालखोर’ म्हणत, आणि पालिका मालमत्ताधारकांकडून हलालखोर कर घेई. अर्थ, कष्टाचं आणि हक्काचं खाणारा. अकबराने हे नाव रूढ केलं असं ‘आईन-इ-अकबरी’त म्हटलं आहे. नाव चांगलं दिलं, काम तेच ठेवलं. हे पुढेही दिसत राहतं.

एका वाकड्या पाइपची गोष्ट

मग संडास घरात येऊ शकला तो कशामुळे? पैशामुळे नाही. पैसेवाल्यांचे वाडेही वासाने हैराण असत. उत्तर आहे, पाइपच्या एका वळणात थांबलेलं दोन इंच पाणी.

१७७५ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने फ्लशच्या संडासचं पेटंट घेतलं. त्याने खालचा पाइप इंग्रजी एस अक्षरासारखा वळवला होता. फ्लश केल्यावर घाण निघून जाते, पण वळणात थोडं स्वच्छ पाणी उरतं. ते पाणी बुचासारखं काम करतं. पलीकडच्या गटारातला वायू अलीकडे येऊ शकत नाही. बस, एवढंच. यात हलणारा भाग नाही, वीज नाही, अडीचशे वर्षांत मूळ कल्पना बदललेली नाही. मी रोज जे कोड लिहिते ते दोन वर्षं टिकलं तरी नशीब.

पण लंडनने यातून आणखी एक गोष्ट शिकली. घरोघरी फ्लश आले आणि सगळी घाण थेम्स नदीत गेली. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीचा वास इतका सुटला की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणात भिजवावे लागले. खासदारांच्या नाकापर्यंत प्रश्न पोचल्यावर शहरभर भुयारी गटारं बांधायचा निर्णय झटक्यात झाला. आपल्या घरातून निघालेलं कुठे जातं, हा प्रश्न वाकड्या पाइपने सोडवला नव्हता, फक्त पुढे ढकलला होता.

शिवाय या बुचाला पाणी लागतं. नळ नसेल तर ट्रॅपचा उपयोग नाही. मुंबईला विहारचं पाणी १८६० मध्ये मिळालं. छोट्या गावांत घरोघरी नळ यायला पुढचं अख्खं शतक गेलं. तोवर पाण्याची जागा माणसाने भरून काढली. अगदी सरळ हिशोब आहे हा. जिथे पाइप नव्हता, तिथे एका विशिष्ट जातीची बाई होती.

आणि आजीच्या माहेरी, घाटंजीकडच्या खेड्यात, तेही नव्हतं. तिथे बायका पहाटे उजाडायच्या आत आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर बाहेर जायच्या. मधले बारा-तेरा तास पाणी कमी पिऊन काढायचे. १९६१ मध्ये लग्न होऊन आजी यवतमाळला आली तेव्हा अंगणातला हा टोपलीचा संडास पाहून तिला हायसं वाटलं होतं. “मले तं राजवाडा वाटला,” ती म्हणाली. तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. तिची सुटका झाली होती. ती दुसऱ्या एका बाईच्या डोक्यावरून झाली होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. कारण दार मागे होतं.

यवतमाळपासून सत्तर किलोमीटर

हा प्रश्न देशाच्या राजकारणात आला तो आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. सेवाग्रामला आमची सहल गेली होती. चरखा बघितला, टकळी बघितली, डबा खाल्ला, परत आलो.

१९३० च्या दशकात गांधी वर्ध्याला मगनवाडीत राहत असताना जवळच्या सिंदी गावात मीराबेन, महादेवभाई देसाई आणि इतर मंडळी बादल्या घेऊन जात आणि रस्त्यावरचा मैला उचलत. ३० एप्रिल १९३६ ला गांधी सेगावला आले. शेगावशी पत्रांचा गोंधळ व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आश्रमात संडास साफ करायचं काम आश्रमवासीयांचंच. त्यासाठी वेगळ्या जातीचा माणूस ठेवायचा नाही.

आणि माझ्या बाथरूमच्या नकाशाशी थेट संबंध असलेली गोष्ट अशी. बापू कुटी ही मातीची, बांबूची साधी झोपडी. इव्हान इलिच या विचारवंताने १९७८ मध्ये सेवाग्रामला केलेल्या भाषणात या कुटीतल्या जागा एकेक करून मोजल्या आहेत. चपला काढायची जागा, मधली खोली, गांधींची बसायची जागा, पाहुण्यांची खोली, आजाऱ्याची खोली, पडवी. आणि सातवी जागा, प्रशस्त बाथरूम. हे मी आजीला वाचून दाखवलं. गांधींच्या झोपडीलाही अटॅच्ड बाथरूम होतं! आजी म्हणाली, “ते सोताच धूत होते ना पन.”

तिने एका वाक्यात मुद्दा पकडला. संडास घरात घ्यायचा तर तो आपला मानावा लागतो.

महाराष्ट्रात हे सगळ्यात टोकाला नेलं अप्पासाहेब पटवर्धनांनी. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे, जातीने ब्राह्मण. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी संडास सफाईचं काम मागितलं. तुरुंगाने नकार दिला, कारण ते काम ठरलेल्या जातीच्या कैद्यांचं. अप्पासाहेबांनी अन्न सोडलं, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधींनीही डिसेंबरमध्ये उपोषण केलं. उच्च जातीच्या माणसाला मैला उचलायची परवानगी मिळावी म्हणून दोन तुरुंगांत उपोषण! पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याला कोणाचा हात लागू नये आणि त्याचं खत व्हावं असे संडास घडवण्यात वर्षं घालवली.

पण इथे दुसरी बाजू ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या त्यांच्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात या कौतुकावर नेमकं बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की भारतात माणूस सफाईचं काम करतो म्हणून भंगी ठरत नाही, तो जन्माने ठरतो, मग ते काम करो वा न करो. ज्याला ते काम सोडून जायची मुभाच नाही त्याला त्या कामाची थोरवी सांगणं ही क्रूर थट्टा आहे. अप्पासाहेब ते काम मागू शकत होते आणि सोडूही शकत होते. आमच्या बोळातली बाई यातलं काहीच करू शकत नव्हती. दोन्ही गोष्टी वाचल्यावर मला वाटतं, अप्पासाहेबांचं नवं संडास बांधणं आंबेडकरांच्या म्हणण्याला जास्त जवळचं आहे आणि सफाईचं कौतुक जास्त लांबचं. माणसाचं मन बदलेपर्यंत थांबण्यापेक्षा पाइप टाकलेला बरा.

आमच्या दुसऱ्या बाजूला अमरावती जिल्हा. तिथल्या शेंडगावात १८७६ मध्ये गाडगेबाबा जन्मले. त्यांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. २०००-०१ मध्ये राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं ते त्यांच्याच नावाने. ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द सरकारी कागदावर निःसंकोच आला तो त्याच काळात. शाळेत असताना आम्ही तो फलकावर वाचून खुदखुदायचो.

आता या सगळ्याला एक आकडा लावून बघा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४६.९ टक्के घरांच्या आवारात संडास होता. फोन होता ६३.२ टक्के घरांकडे. त्याच जनगणनेत ७ लाख ९४ हजार घरं अशी निघाली जिथला मैला अजूनही माणूस हाताने काढत होता. माझा दहावीचा अभ्यास चालू होता तेव्हाची ही गोष्ट आहे.

टाकीचं झाकण

आमचा टोपलीचा संडास १९८३ मध्ये बंद झाला. आबाजींनी भांडं बसवलं, अंगणात सेप्टिक टँक बांधला आणि बोळाकडचं दार विटांनी बुजवलं. देशात टोपलीच्या संडासांवर बंदी आणणारा कायदा झाला १९९३ मध्ये, आणि महाराष्ट्रात तो लागू झाला २६ जानेवारी १९९७ पासून. म्हणजे आमचं घर कायद्याच्या दहा वर्षं पुढे. हे कळल्यावर मला क्षणभर अभिमान वाटला.

मग एक जुनी गोष्ट आठवली.

मी सातवीत होते. अंगणातला टँक भरला होता. गाडीचा पाइप बोळातून मागपर्यंत पोचत नाही असं सांगून गाडीवाला निघून गेला. मग बाबांनी कुठून तरी दोन माणसं आणली. रात्री अकरा वाजता, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. त्यांनी फरशी उचलली, बराच वेळ बाजूला बसून राहिले, विडी ओढली. मग एक जण शिडी लावून आत उतरला आणि दुसरा वरून बादली ओढायला लागला. मला आईने आत नेलं आणि खिडकी लावून घेतली. सकाळी अंगण धुतलेलं होतं. फिनाइलचा वास येत होता. त्या दोघांची नावंही आमच्या घरात कोणाला आठवत नाहीत.

सेप्टिक टँक हे एकोणिसाव्या शतकातलं यंत्र. १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या एक्सेटरला डोनाल्ड कॅमेरॉनने त्याला हे नाव दिलं. बंद टाकीत हवेशिवाय वाढणारे जिवाणू मैला खातात आणि त्यातून वायू निघतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात त्याच दशकात असा वायू जमवून वापरलाही होता. पण टाकीत मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइडही असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांसारखा वास येतो. जास्त असला तर नाक बधिर होतं, वासच कळत नाही आणि माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. म्हणून टाकीतल्या मृत्यूंच्या बातम्यांत बहुतेकदा एकापेक्षा जास्त नावं असतात. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो.

ते दोघं बाजूला बसून विडी का ओढत होते, ते मला आता कळलं. झाकण काढून वायू जायची वाट बघत होते. तेवढंच त्यांच्याकडचं सुरक्षेचं साधन.

२०१३ चा कायदा, जो ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी लागू झाला, त्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला असं उतरवणं गुन्हा ठरवलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. पण माणूस मुळात का उतरतो? बऱ्याचदा त्याचं उत्तर घराच्या नकाशात असतं. टाकी अशा जागी बांधलेली असते की यंत्र पोचतच नाही. म्हणजे १९८३ मध्ये आम्ही भिंतीतलं दार बुजवलं आणि अंगणात दुसरं उघडलं. ते आडवं होतं, एवढाच फरक.

शेवटचा नकाशा

यानंतर मी स्प्रेडशीट पुन्हा उघडली. सगळ्यात वर टाइल्सचा रंग होता. ती ओळ मी खाली ढकलली.

आधी पाणी. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही यवतमाळला पाणी देणारी दोन्ही धरणं तळाला गेली होती. टँकरच्या रांगेत आईने काढलेल्या रात्री मी फोनवर ऐकल्या आहेत. जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर सोडते. सुलभवाल्या बिंदेश्वर पाठकांनी १९७० च्या दशकात प्रसार केलेलं तीव्र उताराचं भांडं दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं, कारण त्याच्या ट्रॅपमध्ये पाणी फक्त वीस मिलिमीटर असतं. हिशोबाने तेच घ्यायला हवं होतं. पण आजीचे गुडघे उकिडवं बसू देत नाहीत. म्हणून कमोड घेतला, तीन आणि सहा लिटरच्या दोन बटणांचा. अंघोळीचं पाणी वेगळ्या पाइपने अंगणातल्या कढीपत्त्याला आणि केळीला.

सुलभचे दोन शोषखड्डे मला फार आवडले होते. एक भरला की दुसरा वापरायचा, पहिल्याचं तोवर कोरडं खत होतं, कोणाला घाणीत हात घालावा लागत नाही. पण आमच्याकडे काळी माती. ती पाणी लवकर पीत नाही, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मैत्रिणीने स्पष्ट सांगितलं, इथे खड्डे तुंबतील. मग सेप्टिक टँकच. फक्त तो अंगणात बांधायचा नाही. बोळाच्या पुढच्या टोकाला, रस्त्यापासून सात फुटांवर. झाकण गाडीच्या पाइपच्या सहज टप्प्यात. ठेकेदार कुरकुरला. पाइप लांबतो, उतार राखायला खोल खणावं लागतं, अठरा हजार जास्त. मी अँटिक फिनिशचे नळ रद्द केले आणि हिशोब जुळवला.

दार बाहेर उघडणारं, कारण म्हातारं माणूस आत पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. भिंतीला दोन दांडे. फरशी खरखरीत. देवघराच्या भिंतीचं काय? नकाशा उलटा केला आणि कमोड बोळाच्या बाजूला नेला. आजीने नकाशा पाहिला, बोटाने बोळ दाखवला आणि विचारलं, “इकडून कोन येईन मंग?”

“कोणी नाही. गाडी येईल, रस्त्यावरच थांबेल.”

तिने मान हलवली. मग नकाशाकडे बघतच म्हणाली, “तिची पोरगी यायची कधीमधी. तुया बापाएवढीच होती. भाकर मी भितीवर ठेवत होतो. हातात नाई देली कधी.” मी काहीच बोलले नाही. बाबा दारात उभे होते, तेही काही बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात पाइप टाकायचं काम झालं. कमोडमधून निघणारा चार इंची पाइप बोळात काढायला भिंतीला भोक पाडावं लागणार होतं. मिस्त्री म्हणाले, “ताई, नवीन कशाले पाडता? ते जुनं आहेच ना.” त्यांनी चौकोनातल्या आबाजींच्या विटा काढल्या. अजून घट्ट होत्या, अर्धा तास लागला. पाइप त्यातून बाहेर घातला, बोळातून उतार धरत पुढे नेला आणि बाजूची जागा सिमेंटने बंद केली. बिजागरी त्यांनी काढून माझ्या हातात दिली. ती मी फेकलेली नाही.

टाइल्सचा रंग अजून ठरायचाय.